रंगावरून जंतूची ओळख
मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह. संशय आल्यास कमरेच्या मणक्यांमधून सुईने मेरुद्रव काढतात. त्यातले जंतू वाढवून ओळखायला एक-दोन दिवस लागतात. रुग्णाला तेवढी सवड नसते. अशा वेळी डॅनिश वैद्य हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांची १८८४ सालची रीत काही मिनिटांत उत्तर देते. ती आपण पाहू.

काचपट्टीवर आधी जांभळा रंग, मग आयोडीन, नंतर अल्कोहोल, शेवटी लाल रंग. जाड भित्तिकेचे जंतू जांभळा रंग धरून ठेवतात. पातळ भित्तिकेच्या जंतूंचा तो धुऊन जातो व ते लाल दिसतात. जांभळ्या गोलाणूंच्या जोड्या दिसल्या तर बहुधा न्यूमोकॉकस. घेवड्याच्या दाण्यांसारख्या लाल जोड्या दिसल्या तर मेनिंगोकॉकस.

काहीच दिसले नाही तरी आपण निर्धास्त होऊ नये. जंतू थोडे असले, तर नजरेतून सुटतात.