पावसाळ्याची फाटी आणि जुना पिकअप

रमजान असो वा नसो, एप्रिल-मे महिना आला की कोकणातल्या आपल्या मोहल्ल्यांमध्ये एक प्रश्न हमखास कानावर पडतो : "फाटी भरली का?" फाटी म्हणजे सरपण, जळाऊ लाकूड. मिरगाचा पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात उतरतो आणि मग चार महिने सुके लाकूड मिळणे मुश्कील. म्हणून भात कापून झाल्यावर, थंडीच्या दिवसांत झाडे छाटायची, ओंडके फोडायचे, उन्हात वाळवायचे आणि मे संपायच्या आत घरी आणून टाकायचे, हा आमच्याकडचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता आहे.

घरात गॅस असताना लाकूड कशाला, असे शहरातली मुले विचारतात. कारणे बरीच आहेत. तांदळाची भाकरी रोज दहा-पंधरा माणसांची करायची तर चूलच परवडते. न्हाणीतले पाणी तापवायला लाकूड लागते. वलीम्याला बावर्ची देग चढवतो ती लाकडावरच. आणि एक कारण असे आहे की ज्याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नाही. भर पावसात, रात्री-अपरात्री मोहल्ल्यात कुणाची मय्यत झाली, तर गुसलचे पाणी तापवायला सुकी फाटी हवी असते. तेव्हा सिलिंडर शिल्लक आहे का, वीज आहे का, हे बघत बसायला वेळ नसतो. आमच्या बुजुर्ग बायका म्हणूनच एक थप्पी बाजूला ठेवतात आणि तिला हात लावू देत नाहीत.

पूर्वी ही फाटी डोक्यावरून आणि बैलगाडीतून यायची. आज बहुतेक गावांत एखादा जुना पिकअप असतो. कुणाचा महिंद्राचा, कुणाचा टाटाचा छोटा हत्ती. कमावता मुलगा आखातात असतो, गाडी वडील किंवा चाचा चालवतात. हीच गाडी आंब्याच्या पेट्या वाहते, वाळू-चिरे वाहते, आणि मे महिन्यात अख्ख्या मोहल्ल्याची फाटी वाहते. गाडी जुनी, रस्ता उताराचा, भार लाकडाचा आणि घाई पावसाची. या चार गोष्टी एकत्र आल्या की अपघाताला निमंत्रण मिळते. म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहायचे आम्ही ठरवले.

आधी परवानगी, मग कुऱ्हाड

झाड आपल्या सातबाऱ्यातले आहे म्हणजे ते हवे तेव्हा तोडता येते, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तो बरोबर नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम 1964 नुसार काही जातींची झाडे स्वतःच्या जमिनीतली असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय तोडता येत नाहीत. त्या यादीत साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा आणि खाडीकाठचे कांदळवन आहे. म्हणजे आपल्या परसातली आणि वरकस जमिनीतली निम्मी झाडे त्यात आली. नगर परिषदेच्या हद्दीत राहणाऱ्यांना 1975 चा वेगळा कायदा लागू आहे. शिवाय लाकूड गाडीत घालून रस्त्यावर आणायचे असेल, तर त्या जातीला वनविभागाचा वाहतूक परवाना लागतो का, हेही आधी विचारून घ्यावे. तो लागत असेल तर कागद गाडीतच ठेवावा.

हा त्रास आहे, पण तो टाळून चालत नाही. परवान्याविना निघालेली गाडी चेकनाक्यावर अडकली की लाकूड जाते, गाडी अडकते आणि कोर्टाच्या फेऱ्या सुरू होतात. दुसरे असे, की बांधावरचे झाड आपले की शेजाऱ्याचे, हा वाद कोकणात जुना आहे. जमिनीचा हक्क वाटणीदारांत एकत्र असेल, तर सर्वांना विचारूनच झाड तोडावे. दुसऱ्याच्या हक्काच्या लाकडावर शिजलेले अन्न हलाल कसे म्हणायचे, हा प्रश्न कायद्याच्या आधी आपल्या ईमानाचा आहे.

सरपणात काय येऊ नये, हेही माहीत असावे. बिब्ब्याचा चीक अंगाला लागला तर फोड येतात आणि त्याचा धूरही बाधतो. कण्हेर विषारी आहे. जुन्या रंगवलेल्या खिडक्या आणि प्लायवूडचे तुकडे चुलीत घालू नयेत. त्यांतला रंग आणि गोंद जळून विषारी धूर होतो.

गाडीत किती भरायचे?

"हौदा भरला की एक खेप" हा हिशेब फाटीला लागू पडत नाही. ओले लाकूड फार जड असते, कारण त्याच्या वजनातला निम्म्याच्या आसपासचा भाग पाण्याचाच असतो. समजा हौदा 8 फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद आहे. त्यात दीड फूट उंचीपर्यंत लाकूड रचले, तर 66 घनफूट जागा भरते. मधली पोकळी सोडली तर त्यात साधारण 40 घनफूट लाकूड बसते. ओल्या लाकडाचे वजन घनफुटाला 28 किलोच्या जवळपास धरले, तर हे सव्वाअकराशे किलो झाले. जुन्या पिकअपची क्षमता बहुधा एवढीच असते. तेच तीन फूट उंच रचले की भार सव्वादोन टनांवर जातो. छोट्या हत्तीची क्षमता तर पाऊण टनाच्या आसपासच आहे.

तेच लाकूड वाळल्यावर घनफुटाला सुमारे 20 किलो भरते. म्हणजे दीड फुटाची तीच खेप 800 किलोंवर येते. यातून सरळ निष्कर्ष निघतो : लाकूड तोडल्या जागीच फोडून, रचून वाळू द्यावे आणि मग आणावे. डिझेल वाचते, पाटे वाचतात आणि उचलणाऱ्याची कंबरही वाचते.

आपल्या गाडीची नेमकी क्षमता आरसी बुकावर मिळते. भारासह वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उरतो तो आकडा. त्यापेक्षा जास्त भरले तर 2019 च्या दुरुस्तीनंतरच्या मोटार वाहन कायद्यात 20,000 रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये अशी तरतूद आहे. एका खेपेची बचत करायला जाऊन वर्षाच्या सरपणाचे पैसे दंडात घालवण्यात शहाणपण नाही.

एका अन्सारी सहाबींच्या बागेतला उंट प्रेषित मुहम्मद (स.) यांना पाहून कण्हू लागला आणि मालक आपल्याला उपाशी ठेवतो, थकवतो, अशी त्याची तक्रार प्रेषितांनी (स.) मालकापर्यंत पोहोचवली, अशी हदीस अबू दाऊदमध्ये आहे. गाडीला जीव नाही, तिच्या पाट्यांना दुखत नाही. पण तिच्यावर बसलेल्या आणि तिच्या समोरून येणाऱ्या माणसांना जीव आहे. जादा भाराची तक्रार शेवटी तेच भोगतात.

जुन्या गाडीची तपासणी

समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते. हंगाम सुरू होण्याआधी हौद्याचा पत्रा आणि खालची चासी हातोडीने ठोकून पाहावी. जिथे आवाज भद्द येतो, पापुद्रे निघतात, तिथे वेल्डिंगवाल्याला दाखवावे. फाळक्याच्या कड्या आणि साखळ्या नीट बसतात का ते बघावे. चढावर फाळका उघडला तर सगळा भार मागच्या माणसावर येतो.

टायरची नक्षी चांगली दिसते म्हणून टायर चांगला असे नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. 2218 असेल तर टायर 2018 च्या बाविसाव्या आठवड्यातला आहे. जुन्या रबराला चिरा पडतात आणि मे महिन्याच्या उन्हात, भाराखाली तो फुटतो. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते. ओल धरलेले तेल घाटात तापले की त्यात वाफ धरते आणि पाय टेकतो पण ब्रेक लागत नाही. म्हणून ते तेल मेकॅनिकच्या सल्ल्याने वेळच्या वेळी बदलावे. फिटनेस आणि विम्याचे कागद चालू असावेत, हे सांगायला नको.

उंट बांधून तवक्कुल

उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असे एका माणसाने विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) आधी बांधायला आणि मग भरवसा ठेवायला सांगितले. तिर्मिजीतली ही हदीस आपण मुलांना सांगतो. लाकडाच्या खेपेला ती अक्षरशः लागू पडते.

जाड, जड ओंडके तळाला आणि केबिनच्या बाजूला घ्यावेत. बारीक फाटी वर. जड माल मागच्या चाकांच्याही मागे गेला की गाडीचे तोंड हलके होते आणि स्टिअरिंग हाताला लागेनासे होते. लाकूड बाजूच्या फळीच्या वर जाऊ देऊ नये. दोर एकच लांबलचक न घेता दोन-तीन ठिकाणी आडवा आवळावा आणि पहिल्या दोन-तीन किलोमीटरनंतर गाडी थांबवून पुन्हा आवळावा, कारण हादऱ्यांनी लाकूड बसते आणि दोर सैल होतो. वरून ताडपत्री किंवा जाळी टाकली की ढलप्या उडत नाहीत. हौद्याखाली सायलेन्सरजवळ सुका पाला, साल अडकली असेल तर काढावी. ती पेट घेऊ शकते.

रस्त्यावर पडलेला एक ओंडका रात्री मोटारसायकलवाल्याचा जीव घेऊ शकतो. वाटेतली इजा करणारी वस्तू दूर करणे हा सदका आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. मग ती वस्तू आपल्याच गाडीतून वाटेत पडू नये, एवढी काळजी तर आपली आहेच.

उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची किंवा इंजिन बंद करायचे, ही सवय जीवघेणी आहे. इंजिन बंद पडले की ब्रेकला मिळणारी जोड जाते आणि पाय कितीही दाबला तरी गाडी आवरत नाही. जो चढ ज्या गिअरने चढतो, तो उतार त्याच गिअरने उतरावा. ब्रेक सतत दाबून न धरता, थोडा लावून थोडा सोडावा.

आणि मुले. फाटीच्या ढिगावर बसून घरी यायची मजा प्रत्येक लहान मुलाला हवी असते. आयाही "बसू दे की, जवळच आहे" म्हणतात. ती मजा करू देऊ नये. ढीग सरकला की मूल आधी खाली जाते आणि लाकूड त्याच्यावर येते. मालवाहू गाडीत असे फुकट बसवलेल्यांना विम्याचे संरक्षणही सहसा मिळत नाही.

घरी आल्यावर

फाटी थेट जमिनीवर रचू नये. खाली दोन आडवी लाकडे किंवा चिरे घालून त्यावर थप्पी लावावी, म्हणजे खालून हवा खेळते आणि वाळवी लागत नाही. वरून छप्पर हवे, पण बाजू मोकळ्या हव्यात. चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळले की आतली ओल आतच राहते आणि बुरशी धरते. लाकूड वाळले की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. टोकाला भेगा दिसतात, साल सुटते आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येतो. ओले लाकूड बद्द वाजते.

थप्पी घराच्या भिंतीला चिकटून नको. तिच्यात फुरसे आणि विंचू आसरा घेतात. लाकूड काढताना आधी काठीने हलवावे, हात थेट आत घालू नये आणि रात्री बॅटरी घेऊनच जावे. कोकणातला लाल विंचू पूर्वी अनेकांचा, विशेषतः मुलांचा जीव घेत असे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबावरच्या औषधाने त्यावर उपचार शोधला आणि आज असे रुग्ण वाचतात. पण त्यासाठी दवाखाना वेळेत गाठावा लागतो. दम करून घ्यायला हरकत नाही, मात्र गाडी आधी दवाखान्याकडे वळली पाहिजे. सापाच्या दंशालाही हाच नियम.

धुराचा विचार

एवढे सगळे करून फाटी चुलीत जाते आणि तिचा धूर कुणाच्या छातीत जातो? घरातल्या बायकांच्या, आणि त्यांच्या मांडीवरच्या मुलांच्या. घरातल्या चुलींच्या आणि तशा इंधनांच्या धुरामुळे 2020 साली जगभरात सुमारे 32 लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ओल्या लाकडाची बरीचशी उष्णता आतले पाणी उडवण्यातच जाते आणि धूर वाढतो. म्हणून सुकी फाटी वेळेत घरी आणणे हे पुरुषांचे काम केवळ मेहनतीचे नाही, घरातल्या बायकांच्या आरोग्याचेही आहे. चूल खिडकीजवळ किंवा पडवीत हलवावी, वर धुराडे बसवावे आणि रोजचा चहा-डाळभात गॅसवरच करावा. फाटी खरोखर लागेल तिथेच वापरावी. रात्री झोपण्याआधी निखारे विझवावेत. झोपताना घरात आग पेटती ठेवू नका, अशी प्रेषितांची (स.) ताकीद बुखारीत आली आहे.

पाणी, चारा आणि आग या तीन गोष्टींत सर्वांचा वाटा आहे, असेही हदीसमध्ये आहे. मोहल्ल्यात एखादे घर असे असतेच, जिथे कमावता पुरुष नाही, गाडीभाडे द्यायला पैसे नाहीत आणि मागायला जीभ रेटत नाही. ज्याच्याकडे पिकअप आहे त्याने आपल्या खेपा संपवल्यावर एक खेप, निदान अर्धी, त्या दारात उतरवावी. न बोलता उतरवावी. आणि ज्या जागेतून लाकूड आणले, तिथे पहिल्या पावसात आंबा, फणस किंवा ऐनाची चार रोपे लावून यावीत. आपल्याला नाही, तर आपल्या नातवंडांना तरी त्यांची सावली मिळेल, इन्शाअल्लाह.