गुंठा घेण्यापूर्वी सातबारा वाचा

जुन्नरच्या मानमोडी डोंगरातील लेण्यांमध्ये ब्राह्मी लिपीत कोरलेले दानलेख आहेत. त्यातल्या एकात एका शक दात्याने वडालिक गावातील वीस निवर्तने जमिनीचे उत्पन्न करंजाची झाडे लावण्यासाठी दिल्याची नोंद आहे. देणारा कोण, गाव कोणते, क्षेत्र किती, कशासाठी, सगळे दगडावर. आज त्याच जुन्नरमध्ये आणि शेजारच्या आंबेगावात आपला माणूस मुंबईच्या नोकरीचा फंड, बायकोच्या अंगावरचे डोरले मोडून आलेले पैसे, पाचशेच्या स्टॅम्पवरील चार ओळींवर विश्वास ठेवून देऊन मोकळा होतो. नोटरीचा लाल शिक्का पाहिला की त्याला वाटते, जागा आपली झाली.

ती झालेली नसते. स्थावर मिळकतीचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय मालकी येत नाही, हे नोंदणी कायदा १९०८ पासून सांगत आहे. नोटरी फक्त सही कोणाची एवढेच पाहतो. साठेखत हा विक्रीचा वायदा आहे, विक्री नव्हे. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा घरपट्टीचा कागद आहे. तो तुमच्या नावावर आहे म्हणून खालची जमीन तुमची ठरत नाही. आमच्याकडे येणाऱ्या दहा प्रकरणांतील बहुतेकांचे मूळ या तीन कागदांच्या गैरसमजात असते.

आपल्या लोकांवर ही पाळी का येते, हेही पाहिले पाहिजे. वस्ती गावाबाहेर, गावठाणात वाटा तुटपुंजा, एका खोलीची चार कुटुंबे झालेली. मंचर, नारायणगाव, आळेफाट्याला पुणे-नाशिक रस्त्यामुळे भाव चढलेले. शेतजमीन घ्यावी तर कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय ती घेता येत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीन ठेवलेल्या माणसाकडे शेतकरी असल्याचा दाखला कुठून येणार? मग तो गुंठ्याच्या दलालाकडे जातो. दलाल म्हणतो, सगळे होऊन जाईल.

म्हणून पहिले काम, सातबारा काढा आणि नुसते मालकाचे नाव पाहून घडी घालू नका. भोगवटादार वर्ग एक आहे की दोन, ते वाचा. इतर हक्काच्या रकान्यातील प्रत्येक शेरा वाचा. बँकेचा बोजा, कुळाचे नाव, पुनर्वसन कायद्याचा शेरा हे सगळे तिथेच दडलेले असते. डिंभे आणि कुकडी प्रकल्पातील इतर धरणांमुळे या दोन तालुक्यांत पुनर्वसनाचे शेरे काही नवलाचे नाहीत. त्याखालचे फेरफार क्रमांक घेऊन जुने फेरफारही काढा, आणि तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून लेखी घ्या. वकिलाची फी वाचवून जमीन गमावण्यात काय अर्थ आहे?

वर्ग दोनबाबत थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्यात आपला इतिहास आहे. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करून महारांना वतनाच्या जोखडातून सोडवावे, यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गाव वतने मोडणारा कायदा मात्र १९५८ साली आला. त्यानुसार वतनाच्या जमिनी मूळ वतनदारांना फेरदान झाल्या त्या नवीन अविभाज्य शर्तीवर. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय त्या विकता येत नाहीत. हे बंधन आपल्याच माणसाच्या हातची जमीन कवडीमोलाने जाऊ नये म्हणून उपयोगी आहे, पण घेणाराही आपलाच असला तरी कायदा सुटत नाही. भावकीतल्या माणसाकडून, तोंडी, सामाईक सातबाऱ्यातला एक गुंठा घेऊन स्लॅब टाकलेली घरे आम्ही पाहिली आहेत. पुढे भाऊबंद कोर्टात गेले की घर बांधणाऱ्याच्या हाती कागद नसतो. परवानगी मिळवायला वेळ लागतो, चकरा माराव्या लागतात, तरी ती घ्याच.

दस्त नोंदला म्हणजे सगळे शुद्ध झाले, असेही समजू नये. पुण्यातल्या मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार २०२५ साली राज्यभर गाजला. दस्त नोंदला गेलेला होता, तरी प्रकरण चौकशी आणि गुन्ह्यांपर्यंत गेले.

पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी जमिनीबद्दल आमचे मत परखड आहे. १९७४ पासून जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला शासनाच्या मान्यतेशिवाय घेता येत नाही. ती स्वस्त मिळते, त्याचे कारणच हे आहे. फार्महाऊसवाले पळवाटा शोधतात, आपण शोधू नयेत.

एक-दोन गुंठ्यांच्या तुकड्यांना तुकडेबंदी कायदा आड येतो. २०२५ साली सरकारने त्यात सवलत आणली, पण ती प्रत्येक तुकड्याला नाही. आपला गट त्यात बसतो का, हे तहसील कार्यालयात लेखी विचारा. दलालाचे तोंडी उत्तर कामाचे नाही. जागा पक्की झाली की भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी करून हद्दीच्या खुणा कायम करा. येण्याजाण्याचा रस्ता किती फुटी आणि कोणत्या बाजूने, हे खरेदीखतातच लिहून घ्या. रस्त्यावाचून अडलेली घरे गावोगाव आहेत. खरेदीनंतर फेरफार मंजूर होऊन नवा सातबारा हातात येईपर्यंत तलाठ्याचा, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पिच्छा सोडू नका.

मंचर-नारायणगावात फ्लॅट घेणाऱ्यांनी महारेराचा नोंदणी क्रमांक मागावा. प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि सदनिका आठपेक्षा जास्त असतील तर नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही, आणि बांधकामातील दोषाची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे त्याच्यावर असते. तयार घर एकट्या महिलेच्या नावे घेतले तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. सवलत नसती तरी आम्ही हेच सांगितले असते.

ज्यांच्याकडे पैसाच नाही त्यांच्यासाठी अनुसूचित जाती व नवबौद्धांची रमाई आवास योजना आहे, २६९ चौरस फुटांचे घरकुल. पण तिलाही जागा लागते, आणि इथेच अर्ज अडतात. त्यासाठी दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. ग्रामसभेत तिचे नाव घेणारा आपल्यातला कोणीतरी असला पाहिजे. शासकीय जागेवरील १ जानेवारी २०११ पूर्वीची राहती अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा निर्णयही २०१८ चा आहे. जुनी घरपट्टी, वीजबिले, मतदारयादी जपून ठेवा.

आता जागेविषयी. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगावातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. गाव नाहीसे झाल्याचे पहिल्यांदा लक्षात आले ते एसटीच्या चालकाच्या. उतारावर घर बांधण्यापूर्वी वरच्या अंगाला काय आहे ते पाहा. डोंगर कापून सपाटी केली आहे का, झाडे तोडली आहेत का, पावसाळ्यात झरा कुठून फुटतो, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. भिंतीला, जमिनीला नव्या भेगा दिसल्या तर पावसाळ्यात तिथे राहू नका. पूर्वेकडे काळी जमीन असेल तर पाया मुरुमापर्यंत नेलाच पाहिजे. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि भिंत फाडते. मिस्त्री दोन फुटांवर थांबायला निघाला तर त्याला थांबवा. स्लॅबला पाणी मारण्यात कंजुषी करू नका.

आणि बिबट्या. उसाला लागून घर असेल तर शौचालय घराच्या आत, बाहेर दिवा, आणि शेळ्यांच्या गोठ्याला वरूनही जाळी हवीच. गोठ्याचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा. घर झाल्यावर त्यासाठी पैसे उरत नाहीत.