मागचा भोंगा विचारतो, पुढच्याने उत्तर द्यायचं

सोलापूर–पुणे महामार्गावर मागच्या ट्रकने हॉर्न दाबला की पुढच्याने बाजू द्यायची, ही आपली सवय. म्हणून जहाजाचा भोंगाही ‘हो बाजूला’ असंच सांगतो, असा समज होतो. अरुंद जलमार्गात मात्र तो परवानगी मागतो. समुद्रावरची टक्कर टाळण्याचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम 1977 पासून लागू आहेत आणि त्यांत हे स्पष्ट लिहिलं आहे.

उजवीकडून पुढे जायचं असेल तर दोन लांब आणि एक आखूड भोंगा, डावीकडून जायचं असेल तर दोन लांब, दोन आखूड. लांब म्हणजे 4 ते 6 सेकंद, आखूड साधारण 1 सेकंद. पुढच्याला मान्य असेल तर तो लांब-आखूड-लांब-आखूड असं उत्तर देतो आणि वाट करून देतो. शंका असेल तर पाच किंवा जास्त आखूड भोंगे झटपट वाजवतो. तो राग नव्हे, धोक्याचा इशारा आहे.

‘मौन म्हणजे संमती’ इथे चालत नाही. उत्तर आलं नाही, तर मागेच राहायचं.

पुढच्याची एवढी मनधरणी कशाला? कारण पाण्यात दडलं आहे. दोन जहाजं शेजारी आली की मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात पाण्याचा वेग वाढतो, दाब घटतो आणि ती एकमेकांकडे ओढली जातात. काठाजवळही अशीच ओढ लागते. समोरून येणारं जहाज चटकन निघून जातं, पण मागून पुढे जाणारं बराच वेळ बाजूला राहतं, म्हणून ही ओढ जास्त घातक. वेग कमी केला की ती झपाट्याने कमी होते. मांडवी आणि झुआरीला जोडणाऱ्या गोव्याच्या कुंभारजुवे कालव्यातून खनिजाने भरलेले बार्ज जात, तिथे पुढच्याच्या सहकार्याशिवाय पुढे जाणं म्हणजे दोघांनाही संकटात टाकणं.

परवानगी मिळाली की जबाबदारी पुढच्यावर गेली, हा मला सर्वांत धोकादायक वाटणारा समज. पूर्ण पुढे जाऊन मोकळं होईपर्यंत टक्कर टाळण्याची जबाबदारी मागून येणाऱ्याचीच. भरपूर रुंद पाण्यात, पुढच्याला काहीच करावं लागणार नसेल, तर ही विचारणा लागत नाही. आणि हे संकेत जहाजं एकमेकांना दिसत असतानाच द्यायचे. धुक्यातले संकेत वेगळे.

आपल्याकडच्या उजनी धरणाच्या जलाशयाला मात्र हे सागरी नियम लागू नाहीत. देशांतर्गत जलवाहतुकीसाठी 2021 चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे. याच जलाशयात 21 मे 2024 रोजी कुगाव–कळाशी दरम्यान बोट उलटून सहा जण बुडाले, ते वादळी वाऱ्यामुळे. तिथे गरज आहे ती प्रत्येक प्रवाशाच्या अंगावर लाइफ जॅकेटची आणि आभाळ भरून आलं की फेरी थांबवण्याची.