जुन्या मोटारीचा पेट्रोल-पंप

समजा, ऐन चैत्रांत एक जुनी पद्मिनी गाडी सोलापुराहून तुळजापूरचा घाट चढत आहे. ऊन रणरणत आहे, गाडींत पांच माणसें आहेत. अर्ध्या चढावर इंजिन आचके देऊं लागतें आणि गाडी उभी राहते. टाकींत पेट्रोल आहे, बॅटरी सशक्त आहे. मग अडलें कोठें? ‘पंप गेला’ असें सांगून सोबतचा कोणी मोकळा होतो. तो खरोखरच गेला काय, हें ठरविण्यापूर्वीं पंपाचें कार्य समजून घेणें इष्ट होय.

पद्मिनी ही मूळची इटलीची फियाट ११००. सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीनें ती कुर्ला येथें १९६४ पासून बांधली. १९७४ पासून ती पद्मिनी झाली. तिचें उत्पादन थांबून आतां वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि मुंबईंतील तिची टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. तरीही मराठवाड्यांतील कांहीं घरांत ती अद्याप जिव्हाळ्यानें सांभाळली जाते.

या गाडीची टाकी मागें आणि इंजिन पुढें. मधल्या अंतरांतून पेट्रोल ओढून आणणारा पंप इंजिनाच्या कुशीस नटांनीं आवळलेला असतो. त्याची रचना लोहाराच्या भात्यासारखी आहे. इंजिनांतील कॅमशाफ्टचा उंचवटा एका दांड्यास ढकलतो, दांडा तरफेस हलवितो व तरफ रबरी पडदा खालीं ओढते. त्यामुळें पेट्रोल आंत येतें. नंतर स्प्रिंग पडदा वर लोटते आणि पेट्रोल कार्बुरेटरकडे जातें. दोन लहान झडपा त्यास माघारी फिरूं देत नाहींत. कार्बुरेटर भरला कीं तेथील सुई वाट बंद करते. मग पडदा खालींच थबकतो व तरफ रिकामी हलत राहते. मागणीपुरताच पुरवठा करण्याची अशी ही सुबक योजना आहे.

आतां घाटांतील गाडीकडे वळूं. तापलेल्या इंजिनास चिकटलेल्या पंपांत पेट्रोलची वाफ झाली, तर पंप वाफच दाबीत बसतो आणि इंजिन उपाशी राहतें. गाडी सावलींत उभी करून पंपावर ओलें फडकें ठेवावें. अर्ध्या तासानें गाडी चालूं लागली, तर दोष उन्हाचा, पंपाचा नव्हे. इंजिन थंड असतांनाही तक्रार राहिली, तर इग्निशन कॉइलची तार काढून, कार्बुरेटरकडील नळी बाटलींत धरून स्टार्टर फिरवावा. ठराविक अंतरानें जोरदार चिळकांडी आली, तर पंप निर्दोष समजावा. ती आली नाहीं, तर आधीं गाळणी व नळ्या तपासाव्या. पंपाच्या पोटाखालील छिद्रांतून पेट्रोल ठिबकत असेल, तर मात्र पडदा फाटला यांत संशय नाहीं.

पडदा फाटण्यास वयाप्रमाणेंच आणखी एक कारण आहे, आणि तें याच जिल्ह्याच्या शेतांतून निघतें. ज्या उसावर येथील अनेक कुटुंबांचा संसार चालतो, त्याच्या मळीपासून व रसापासून इथेनॉल होतें. २०२३ पासून देशांत वीस टक्के इथेनॉलचें पेट्रोल मिळूं लागलें. शेतकऱ्यास तें हितकारक असलें, तरी जुन्या पद्धतीचें रबर इथेनॉलनें फुगतें व मऊ पडतें. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेतें आणि टाकींतील जुनी घाण सुटी करतें. यास्तव नवा पडदा व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्याच घ्याव्या आणि गाळणीही बदलावी.

पंप बदलण्याचें काम मोकळ्या हवेंत, विडी-काडी दूर ठेवून करावें. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. टाकीकडील नळी काढतांच तिच्या तोंडांत बूच घालावें. इंजिन हातानें फिरवून कॅमचा उंचवटा दांड्याखालून काढावा, म्हणजे तरफेवर ताण राहत नाहीं. नंतर नट सोडून पंप उतरवावा. पंप व इंजिन यांमधील जाड तुकडा आणि पॅकिंग यांची जाडी पूर्वींइतकीच ठेवावी. ती वाढली, तर दांड्याची चाल अपुरी पडते; कमी झाली, तर तरफेवर फाजील ताण येतो. हा तुकडा उष्णताही अडवितो. म्हणून तो निरुपयोगी समजून टाकूं नये. नट आळीपाळीनें आवळावे आणि गाडी सुरू करून प्रत्येक सांधा कोरड्या फडक्यानें पाहावा.

एवढ्यानें काम संपलें असें मानणें धोक्याचें आहे. फाटक्या पडद्यांतून पेट्रोल इंजिनाच्या तेलांतही उतरतें. तेलाची पट्टी काढून वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला, तर तेल तात्काळ बदलावें. पातळ झालेल्या तेलावर गाडी दामटल्यास बेअरिंगे झिजतात, आणि एका पडद्याच्या हयगयीपायीं सारें इंजिन उघडावें लागतें. तसेंच, नव्या गाडीचा विजेचा पंप जुन्या गाडीस जोडूं नये. नव्या पंपाचा दाब जुन्याच्या दहापट किंवा अधिक असतो. त्यापुढें कार्बुरेटरची सुई टिकत नाहीं व पेट्रोल बाहेर वाहून आगीस निमंत्रण मिळतें.

यंत्राचें वय झालें म्हणजे तें टाकाऊ होतें असें नाहीं. मात्र काळानें पेट्रोल बदललें असतां त्याच्या पडद्यानेंही बदललें पाहिजे. तेवढी दक्षता घेणाऱ्याची गाडी तुळजापूरचा घाट आणखी कित्येक चैत्र चढूं शकेल.