विश्लेषण : ‘बनवाबनवी’ मूळची कुठली? रिमेकमधला विनोद आपला कसा होतो?

भोर, वेल्ह्याहून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यात येणाऱ्या मुलांपुढे पहिला प्रश्न असतो खोलीचा. डिपॉझिट, घरमालकाच्या अटी आणि ‘बॅचलर नको’ हे ठरलेले उत्तर. याच अडचणीवर उभा असलेला ‘अशी ही बनवाबनवी’ २३ सप्टेंबर १९८८ रोजी प्रदर्शित झाला. धनंजय मानेंचे मीम आजही मोबाइलवर फिरत असतात. मात्र हा चित्रपट रिमेक आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

मूळ कथा कुठली?

सचिन पिळगावकर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटावर बेतलेला आहे. त्या चित्रपटाची मुळेही बंगालीत सापडतात. पुढे ‘बनवाबनवी’वरून १९९१ मध्ये तेलुगूत ‘चित्रम भळारे विचित्रम’ आला. गंमत म्हणजे, आज मराठी प्रेक्षकाला हिंदी मूळ आठवत नाही. रिमेकच मूळ होऊन बसला आहे.

हॉलिवूडमध्येही हेच घडले. पुरुषांनी बायकांचा वेश घेण्याच्या कथेवरचा बिली वाइल्डर यांचा ‘सम लाइक इट हॉट’ (१९५९) अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००० साली सर्वोत्तम अमेरिकन विनोदी चित्रपटांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर ठेवला. त्याचे मूळ मात्र १९३५ चा फ्रेंच चित्रपट ‘फानफार दामूर’ आणि त्याचा १९५१ मधला जर्मन रिमेक. आपल्याकडे त्यावरून ‘रफू चक्कर’ (१९७५) निघाला.

मग बदलले काय?

मूळ कथेतले वादक काम मिळवण्यासाठी वेश बदलतात. पण काम नको असेल तर वेश कधीही उतरवता येतो. वाइल्डर आणि सहलेखक आय. ए. एल. डायमंड यांनी त्यात शिकागोतले टोळीयुद्ध घातले. दोघांनी हत्याकांड पाहिले आहे, गुंड मागावर आहेत. आता साडी सोडली (त्यांच्या बाबतीत स्कर्ट) तर जीव जाणार. सगळा विनोद या एका सक्तीवर चालतो.

मराठीत गुंडांची गरज पडली नाही. पुण्यात डोक्यावरचे छप्पर जाणे पुरेसे होते. पटकथा-संवाद लिहिणारे वसंत सबनीस यांनी विश्वास सरपोतदार आणि लीलाबाई काळभोर अशी नावे ठेवली. लोणी काळभोर ठाऊक असलेल्याला पत्ता सांगावा लागत नाही. कथेचा सांगाडा उसना असला तरी बोलणे इथले आहे.

ही कॉपी नाही का?

परवानगी आणि श्रेय हवेच. पण कायदाही कल्पना आणि मांडणी यांत फरक करतो. ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्या वादात (आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स) सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सांगितले की, नुसत्या कल्पनेवर किंवा विषयावर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो. नाटककार तो खटला हरले.

भोरशी काय संबंध?

सबनीसांच्याच ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने दादा कोंडके यांचे नाव घरोघरी पोहोचवले. दादा वाढले मुंबईच्या नायगावात, पण त्यांचे मूळ गाव भोर तालुक्यातले इंगवली. ‘सोंगाड्या’ (१९७१) हाही सबनीसांनीच लिहिला.

पुढे दादांनी स्वतःच्याच चित्रपटांचे रिमेक केले. ‘पांडू हवालदार’वरून गुजरातीत ‘चंदू जमादार’ आला, नंतर ते हिंदीतही गेले. द्वयर्थी संवाद हे त्यांचे हत्यार, आणि अनुवादात सगळ्यात आधी बोथट होते ते हेच. नऊ रौप्यमहोत्सवी चित्रपटांचा गिनेस विक्रम त्यांच्या नावावर आहे. ते नऊही चित्रपट मराठी आहेत.