हसळीमागची चिंचोळी वाट

हसळीच्या हाडामागच्या खळग्यात बोट टेकवून पाहा. आख्ख्या हाताचा कारभार इथून चालतो. मानेतून निघालेलं मज्जातंतूंचं जाळं आणि हाताची मुख्य धमनी दोन स्नायूंमधल्या फटीतून खाली उतरतात, तर रक्त परत नेणारी शीर पुढच्या स्नायूसमोरून जाते. खाली पहिली बरगडी, वर हसळी. हात उंचावला की ही जागा आणखी आवळते. तरी बहुतेकांना जन्मभर त्याचा पत्ताही लागत नाही, हे केवढं नवल!

ज्यांना लागतो, त्यांच्या दुखण्याचं नाव थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. मानेला बसलेला हिसका, हात सतत डोक्यावर नेण्याचं काम किंवा खेळ, अशी कारणं असतात. काहींच्या बाबतीत मात्र गोष्ट गर्भातच सुरू झालेली असते. जिराफ असो वा उंदीर, मानेत मणके सातच, आणि त्यांना बरगड्या नाहीत. पण शंभरात जेमतेम एखाद्या माणसाच्या सातव्या मणक्याला जादा बरगडी फुटते. कोणत्या मणक्याला बरगडी द्यायची, हे हॉक्स नावाची जनुकं ठरवतात. बहुतेकांची ही बरगडी निमूट असते. लंडनच्या होम्स कूट या शल्यविशारदाने १८६१ मध्ये अशी वाढ कापून काढली, तेव्हा एक्स-रेचा शोध लागायला ३४ वर्षं होती!

नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत मज्जातंतू दबतात: करंगळीकडे मुंग्या, मान-खांदा दुखणं, पकड ढिली. धमनी दबणं दुर्मीळ, पण घातक. ह्यूस्टन ॲस्ट्रोसचा बेसबॉलपटू जे. आर. रिचर्ड १९८० साली हात बधिर होतो म्हणून सांगत होता. अनेकांना तो कामचुकारपणा वाटला. ३० जुलैला सरावात तो पक्षाघाताने कोसळला. रुग्णाचं म्हणणं ऐकून घेणं हा निदानाचा पहिला भाग आहे, असं मला त्याच्यामुळे ठामपणे वाटतं.

मज्जातंतू दबले असतील तर सुरुवात फिजिओथेरपीने होते. तिला काही महिने द्यावे लागतात, आणि पुष्कळांना तेवढ्याने आराम पडतो. मानेच्या स्नायूत भूल देणारं इंजेक्शन देऊन तात्पुरता फरक पडतो का, हेही पाहतात. एवढं करूनही भागलं नाही, तर काखेतून किंवा हसळीच्या वरून पहिली बरगडी काढतात आणि तिला धरून असलेला स्नायू सोडवतात. शिरेत गुठळी झाली तर मात्र थांबायला वेळ नसतो. जोराच्या व्यायामानंतर एकच हात सुजून निळसर झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. गुठळी विरघळवणारा उपचार पहिल्या दोन आठवड्यांतच सर्वांत चांगला लागू पडतो.