पत्ता वाचावा उजवीकडून
(डिजिटल व्यवहार आणि दक्षता : लेखांक ४)

यूपीआयने पैसे स्वीकारताना पिन कधीही द्यावा लागत नाही, हे तत्त्व गेल्या लेखांकात आपण पाहिले. आज बँकेच्या नावाने येणाऱ्या बनावट ईमेलचा व त्यामागील बनावट संकेतस्थळाचा विचार करू.

अशा ईमेलचा मजकूर बहुधा ठरीव असतो. ‘आपली केवायसी अपूर्ण असून आज सायंकाळपर्यंत खातरजमा न केल्यास खाते गोठविण्यात येईल’ असा तगादा, आणि त्याखाली एक लिंक. मुदत इतकी अल्प ठेवण्यात हेतू हाच, की घरात कोणास विचारण्यास अथवा शाखेत चौकशी करण्यास अवसरच मिळू नये. लिंक दाबताच जे पान उघडते त्याचे रंग, बोधचिन्ह, अक्षरांची ठेवण, फार काय, ‘आपला पासवर्ड कोणासही सांगू नका’ ही सूचनासुद्धा मूळ पानावरून जशीच्या तशी उचललेली असते. भाऊसाहेबांचा तोतया मुखसाम्याच्या बळावर १७७६ साली कोकणात फौज जमवू शकला, हा इतिहास ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना साम्य हा ओळखीचा पुरावा नव्हे, हे निराळे सांगावयास नको.

मग ओळख पटवावी कशावरून? पत्त्याशेजारच्या कुलुपावरून नव्हे. कारण आपला मजकूर वाटेत कोणास वाचता येणार नाही, एवढेच ते कुलूप सांगते, पलीकडील इसमाच्या सचोटीची हमी देत नाही, आणि त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र ठकासही विनामूल्य मिळते. खरी ओळख पत्त्यात असते. आरंभीचे ‘एचटीटीपीएस’ व त्यालगतच्या दोन तिरप्या रेघा सोडून, पुढील पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग उजवीकडून वाचावा. ‘अमुकबँक.बँक.इन’ हा पत्ता ‘बँक.इन’ने संपतो, परंतु ‘अमुकबँक.बँक.इन.तमुक.कॉम’ या पत्त्याचा धनी ‘तमुक.कॉम’वाला असून डावीकडील बँकेचे नाव ही निव्वळ सजावट होय. ‘बँक.इन’ हा प्रत्यय केवळ बँकांसाठी राखून, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे त्यावर न्यावीत, असा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला, तो याच कारणास्तव.

तथापि सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे ईमेलमधील लिंक मुळीच न दाबता पत्ता स्वतः टाइप करणे, किंवा बँकेचे अधिकृत ॲप उघडणे.

इतके करूनही चूक घडलीच, तर लाजेपोटी एक क्षणही दवडू नये. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने गुप्त तपशील स्वतः दिल्यामुळे झालेले नुकसान बँकेस कळवीपर्यंत त्यालाच सोसावे लागते. कळविल्यानंतरचे मात्र बँकेच्या शिरावर जाते. सबब प्रथम बँकेला कळवून खाते व कार्ड बंद करवावे, आणि लगोलग १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. फसवणूक ही फसविणाऱ्याच्या अब्रूची गोष्ट आहे, फसलेल्याच्या नव्हे, एवढे ध्यानात ठेवले तर फिर्याद करताना संकोच वाटणार नाही.

पुढील लेखांकात पासवर्ड व ओटीपी यांचा विचार करू.